जामीन त्याला, धास्ती तिला

२०२५ चा फेब्रुवारी संपत आला तेव्हा शिरूर तालुक्यातल्या गुनाटमध्ये उसाचे फड पिंजून काढले जात होते. पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेला इसम याच गावचा. ड्रोन उडाले, श्वानपथकं आली, एक लाखाचं बक्षीस जाहीर झालं, गावकरीही पोलिसांच्या बरोबरीनं रात्री फडात शिरले. २८ फेब्रुवारीला मध्यरात्र उलटल्यावर तो हाती लागला. मग श्रेय पोलिसांचं की गावकऱ्यांचं, यावर गुऱ्हाळ चाललं. हा माणूस चोरी-लुटीच्या जुन्या गुन्ह्यांत २०१९ पासून जामिनावर मोकळा होता, ही बातमीही छापून आली आणि विरून गेली.

एका माणसाला धरायचं ठरवलं तर सरकार काय काय करू शकतं, हे गुनाटनं डोळ्यांनी पाहिलं. मला विचारायचंय ते त्याच्या पुढचं. तो धरला गेल्यापासून, जिनं तक्रार दिली तिच्यासाठी सरकार काय करतं? त्या प्रकरणात तर अटकेच्या आधीच गृहराज्यमंत्री बोलून गेले होते की, बसच्या आसपास माणसं होती, पण प्रतिकार झाल्याचं कोणाला जाणवलं नाही. आरोपीला कोर्टात उभं केलं त्या पहिल्याच दिवशी संमतीचा मुद्दा निघाला. बचावाच्या वकिलाला तो मांडायचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संध्याकाळपर्यंत तोच मुद्दा चॅनेलवर आणि पारावर होता, आणि निकाल लागल्यासारखी माणसं बोलत होती.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ज्या टेबलावर अटक झालेल्याची कोठडी किंवा सुटका ठरते, त्याच टेबलावर आणि त्याच दिवशी तक्रारदाराच्या संरक्षणाचा आदेश निघाला पाहिजे. त्यासाठी तिला वेगळा वकील, वेगळा अर्ज आणि पुढची तारीख लागता कामा नये. आज महाराष्ट्रात सरसकट अशी सोय नाही. कायदे ढिगानं आहेत, पण या एका जागी भोक आहे, आणि तेवढ्यातून सगळं गळतं.

शिरूर आणि दौंडच्या कोर्टांतल्या बाकांवर मी बातमीदार म्हणून पुष्कळ वेळ काढला आहे. रिमांडचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हवालदार आरोपीला घेऊन येतो. तपासी अंमलदार रिमांडची यादी पुढे सरकवतो. त्यातली कारणं पाठ झालेली असतात: हत्यार जप्त करायचंय, मोबाइल हस्तगत करायचाय, साथीदार कोण ते विचारायचंय. सरकारी वकील पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी मागतात, आरोपीचा वकील ‘सगळं जप्त झालंय, एमसीआर करावा’ म्हणतो, म्हणजे न्यायालयीन कोठडी. मग मॅजिस्ट्रेट मान वर करून आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मारहाण केली का?’ ‘नाही साहेब.’ तेवढं लिहून घेतलं जातं आणि पुढचा पुकारा होतो.

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे नियम घालून दिले, ते कोठडीत माणसं मरत होती म्हणून. घरच्यांना अटकेची खबर द्या, वैद्यकीय तपासणी करा. यातला एकही नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. पण तो प्रश्न आत विचारला जात असताना फिर्यादी बाई बाहेर व्हरांड्यात आरोपीच्या आईच्या शेजारी बसलेली असते, कारण बसायला बाक एकच असतो. ‘कशाला वाढवतेस पोरी, तुझंही नाव खराब आणि आमचंही,’ हे तिथंच ऐकवलं जातं. काही जणी तर तपासी अंमलदाराबरोबर एकाच गाडीतून येतात आणि परत जायला गाडी नाही म्हणून एसटीच्या थांब्यावर उभ्या राहतात, जिथं आरोपीचा भाऊही उभा असतो. तुला काही तक्रार आहे का, तुला कोणी धमकावलं का, तू आज रात्री कुठं झोपणार आहेस, हे तिला विचारायचं काम रिमांडच्या वेळी सरसकट कोणावर टाकलेलं नाही.

आणि ही झाली ज्यात निदान अटक होते त्या गुन्ह्यांची गोष्ट. साधी मारहाण, शिवीगाळ यांची ठाण्यात एनसी होते. म्हणजे डायरीत नोंद होते, हातात पावती पडते आणि ‘कोर्टात जा’ हा सल्ला फुकट मिळतो. मुलीचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी जामीनपात्र. जामीनपात्र म्हणजे जामीन हा त्याचा हक्क. जामीनदार आला की तो सुटला. तिच्या कॉलेजच्या रस्त्यावर दिसायचं नाही, अशी अटसुद्धा त्यावर घालता येत नाही. दुपारी धरलेला पोरगा संध्याकाळी त्याच चौकात, त्याच टपरीवर, मित्रांना ‘काय झालं काय नाही’ सांगत उभा असतो. मुलगी मात्र दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला जात नाही. शिक्षा कोणाला झाली ते वाचकानं ठरवावं.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्ये सांगितलं. आता तसं कलमच नागरिक सुरक्षा संहितेत आहे. सासरच्या छळाचा गुन्हा तीन वर्षांच्या शिक्षेचा, म्हणजे तोही यात आला. निकाल बरोबरच आहे, कारण पोलिसांच्या हातात अटकेचा मोकळा लगाम काय करतो ते या राज्याला माहीत आहे. पण अटक टाळली, तर अटकेच्या जागी बाईला वाचवणारं काय ठेवलं? काहीच नाही. नवऱ्याला नोटीस देऊन पाठवलं, तो घरी गेला, आणि घर दोघांचं एकच.

आता कोणी म्हणेल, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे की. आहे, आणि चांगला आहे. २००५ चा हा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात संरक्षण आदेश आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं न ऐकता, शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश देण्याची सोय आहे. पुरुषाला सामायिक घराबाहेर काढता येतं. आदेश मोडला तर तो वेगळा गुन्हा, दखलपात्र आणि अजामीनपात्र, एक वर्षापर्यंत कैद. आदेश देशभर चालतो. पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यात लिहिलंय. ‘शक्यतो’ आणि ‘प्रयत्न’ या दोन फटींतून तीन दिवसांचे महिने कसे होतात, ते कुठल्याही तालुका कोर्टाच्या बोर्डावर बघा. तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण आणि तो बसतो कुठं, हे बाईला तर सोडाच, ठाण्यातल्या अंमलदारालाही पटकन सांगता येत नाही. सगळ्या राज्यांनी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमावेत, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा बजावावं लागलं. कायदा होऊन तोवर वीस वर्षं होत आली होती.

शिवाय हा कायदा घरातल्या नात्यापुरता. रांजणगाव एमआयडीसीत कामाला आलेल्या मुलीला खोलीमालकाच्या भाच्यानं छळलं, कुरकुंभच्या कारखान्यात सुपरवायझरनं हात धरला, शेजाऱ्यानं बांधावरून कोयता उगारला, तर हा कायदा त्या माणसाला ओळखत नाही. तिथं गुन्हा दाखल करा, तारखेला या आणि मधल्या काळात स्वतःला सांभाळा. परगावची मुलगी असेल तर तिला सांभाळायला असतं कोण? पोलीस एकदा खोलीवर येऊन गेले की मालक तिलाच खोली सोडायला सांगतो.

सरकारी उत्तर यावर तयार असतं: साक्षीदार संरक्षण योजना. महेंद्र चावला खटल्यात ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांची समिती, पोलिस उपअधीक्षकांचा धोक्याबाबतचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत, आणि मग संरक्षण. कागदावर देखणी आहे. आता शिरूरहून पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, पुणे-नगर रस्त्याची वाहतूक खात, हा अर्ज घेऊन कोण जातं ते मला दाखवा. वाघोलीची कोंडी फोडण्यातच अर्धा दिवस जातो. अर्ज करायचा असतो हेच तिला कोणी सांगितलेलं नसतं. धमकी आज रात्रीची आहे, आणि कामाचे पाच दिवस शनिवार-रविवार सोडून मोजायचे.

शिरूर तालुक्याला असा धाक नवीन नाही. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा आणि सणसवाडीत दगडफेक, जाळपोळ झाली. त्यात घर जळालेल्या एका दलित कुटुंबातली एकोणीस वर्षांची मुलगी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विहिरीत मृतावस्थेत सापडली. तिच्यावर दबाव आणला जात होता, असा आरोप घरच्यांनी केला. मृत्यू कसा झाला यावर मी इथं निवाडा करत नाही. पण अट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५-अ आलं होतं. पीडित आणि साक्षीदारांना धाकदपटशापासून संरक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य, आणि जामिनासह प्रत्येक टप्प्यावर त्यांना ऐकून घेणं हा त्यांचा हक्क, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. देशातलं पीडितांच्या बाजूचं बहुधा सगळ्यात नेटकं कलम ते. ते पुस्तकात होतं, आणि मुलगी विहिरीत.

आता आपल्या लाडक्या ‘शक्ती’कडे येऊ. २०२० च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या न्हावरे गावात रात्री शौचाला गेलेल्या महिलेवर हल्ला झाला आणि तिचे डोळे निकामी केले गेले. राज्य हादरलं. पुढच्याच महिन्यात शक्ती विधेयक विधिमंडळात आलं. आंध्र प्रदेशच्या ‘दिशा’ विधेयकाचा कित्ता समोर होता. फाशी, झटपट तपास, झटपट खटला, विशेष न्यायालयं. संयुक्त समिती बसली, वर्षभर चर्चा झाली, २०२१ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं, बाकं वाजली. मग विधेयक दिल्लीला गेलं, केंद्रानं हरकती घेतल्या आणि राष्ट्रपतींची मोहोर काही उमटली नाही. स्वारगेट घडल्यावर पुन्हा ‘शक्ती कुठे आहे’ म्हणून ओरडा झाला.

खरं सांगू? ते न आल्याचं मला फारसं दुःख नाही. फाशीचा धाक दाखवून बाईचं रक्षण होतं, हा आपल्या राजकारण्यांचा आवडता गैरसमज आहे, कारण तो फुकट आहे. फाशी शेवटी येते, आलीच तर दहा-वीस वर्षांनी. तक्रारदार मोडते ती पहिल्या दोन महिन्यांत. तिला घरी येऊन समजावतात, तिच्या भावाला रस्त्यात अडवतात, बापाच्या शेताचं पाणी तोडतात. साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा ती फितूर होते, आणि मग तेच राजकारणी ‘खोट्या केसेस वाढल्यात’ म्हणायला मोकळे. शक्तीत खोट्या तक्रारीलाही शिक्षा ठेवली होती. म्हणजे तक्रार देणाऱ्या बाईला वाचवायचं राहिलं बाजूला, आधी तिलाच दम.

आणि सरकारला माणसाला लांब ठेवता येत नाही, असं कोणी मला सांगू नये. महाराष्ट्र पोलिस कायदा १९५१ चा आहे, त्यात तडीपारी आहे. गुंडाला जिल्ह्यातून, वाटल्यास शेजारच्या जिल्ह्यातूनही, दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं आणि परत आला तर ती वेगळी शिक्षा. निवडणुका किंवा गणपती आले की तडीपारीच्या प्रस्तावांचे गठ्ठे प्रांत कार्यालयात पोचतात. चॅप्टर केसेस तर तहसीलदाराच्या टेबलावर ढिगानं. मंडळाच्या मिरवणुकीत भांडण होऊ नये म्हणून शंभर पोरांकडून बंधपत्र लिहून घेणाऱ्या सरकारला, एका माणसाला एका घरापासून पाचशे मीटर लांब ठेवायचा कागद आजवर सुचला नाही. तडीपारी काय, चॅप्टर काय, दोन्ही सरकारला त्रास होऊ नये म्हणून आहेत. बाईला त्रास होतो, तो तिचा खासगी मामला.

इथं भूगोलही आडवा येतो. शिरूरला घोड नदीवरचा पूल ओलांडला की नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. दौंडला भीमा ओलांडली की तोच. दोन्ही तालुक्यांची गावं नदीच्या अल्याड-पल्याड सोयरिकीनं बांधलेली, त्यामुळे माहेर एका जिल्ह्यात आणि सासर दुसऱ्यात. सोडलेला माणूस पुलापलीकडे मावशीकडे राहतो, संध्याकाळी मोटारसायकलवर येतो, शिव्या देऊन जातो. ‘आमच्या हद्दीत राहत नाही’ हे एक ठाणं सांगतं, ‘आमच्याकडे गुन्हाच दाखल नाही’ हे दुसरं. दौंडमध्ये राज्य राखीव पोलिस दलाचे दोन गट आहेत. गणवेशातली माणसं या गावाइतकी फार कमी तालुक्यांत दिसत असतील. पण पुलावर पाहायला कोणाच्या हातात कागद नाही, आणि कागदाशिवाय पोलिस काय करणार, हेही खरंच.

बाकी जगानं यावर डोकं चालवलेलं आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार किंवा पाठलाग अशा गुन्ह्यांत अटक केलेल्याला मॅजिस्ट्रेटपुढे आणलं की तिथल्या तिथं तातडीचा संरक्षण आदेश काढता येतो. घरगुती हिंसेत गंभीर दुखापत किंवा घातक हत्यार असेल तर तो काढावाच लागतो. पीडितेनं हजर असायची गरज नसते. आदेश एक ते तीन महिन्यांचा, आणि मोडला की गुन्हा. इंग्लंडमध्ये घरगुती हिंसेत पोलिस अधिकारी अठ्ठेचाळीस तासांची नोटीस बजावतो आणि न्यायालय ती अठ्ठावीस दिवसांपर्यंत वाढवतं. ऑस्ट्रियात तर १९९७ पासून पोलिसच मारणाऱ्याला घराबाहेर काढतात, आणि घर कोणाच्या नावावर आहे हे विचारत नाहीत. आपल्याकडे मात्र घराबाहेर पडते ती मार खाणारी, हातात पिशवी आणि कडेवर पोर घेऊन.

आपल्या न्यायालयांनीही वाट दाखवलेली आहे. मध्य प्रदेशात एका आरोपीला, पीडितेकडून राखी बांधून घे, अशा अटीवर जामीन मिळाला होता. त्यावर अपर्णा भट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८ मार्च २०२१ रोजी ठणकावलं: असल्या अटी घालायच्या नाहीत, पीडितेला त्रासाची शक्यता दिसली तर तिच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचार करून आदेश द्यायचा, आरोपीला संपर्कबंदी घालायची, आणि जामीन झाला की तक्रारदाराला ताबडतोब कळवून आदेशाची प्रत दोन दिवसांत द्यायची. दोन दिवसांत प्रत! माझ्या ओळखीच्या एका फिर्यादीला जामीन झाल्याचं कळलं ते गल्लीत लागलेल्या डीजेमुळे.

गंभीर गुन्ह्यांत जामिनाच्या अटी असतात, तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, साक्षीदारांना भेटायचं नाही. पण अट मोडली तर लगेच उचलता येत नाही. जामीन रद्द करायचा अर्ज, त्यावर नोटीस, त्यावर आरोपीचं म्हणणं, मग तारीख. तोवर गावातली तंटामुक्ती समिती मदतीला धावते. २००७ पासून गावोगावी कमानीवर ‘तंटामुक्त गाव’ लिहिलेलं आहे. भावकीच्या बांधाचं भांडण मिटवायला ती ठीक आहे. पण पोरीच्या अंगावर हात टाकला त्याचा तंटा कसला मिटवता? तिथं चहा मागवला जातो, दोन्हीकडच्या मोठ्यांना बसवलं जातं, आणि शेवटी अंगठा तिच्याच बापाचा लागतो.

यावर ठरलेला आक्षेप येईल: गैरवापर होईल. होईल थोडा. पण गैरवापराची किंमत काय? मी मागतोय तो आदेश निघाला तर दोन महिने एका माणसानं एका घराजवळ, एका कॉलेजजवळ जायचं नाही आणि एका नंबरवर फोन करायचा नाही. तो तुरुंगात जात नाही, दोषी ठरत नाही, नोकरी करू शकतो, आणि आठ दिवसांत येऊन आदेश उठवा म्हणू शकतो. दोघांचं घर एकच असेल तर थोडी अडचण खरी. त्याला मुलांना भेटता यायला हवं, कपडे-औजारं नेता यायला हवीत, तेवढी सोय आदेशातच लिहिता येते. आदेश न काढण्याची किंमत काय असते, ते न्हावऱ्याला, कोरेगावला जाऊन विचारायची गरज नाही. तुमच्या गावातही कोणीतरी माहीत असेल.

हे करायला ‘शक्ती’सारखा रथ सजवायची गरज नाही. फौजदारी प्रक्रियेत हात घालायचा तर पुन्हा दिल्लीची मोहोर लागेल आणि पुन्हा वर्षं जातील. पण पोलिस हा राज्याचा विषय आहे आणि तडीपारीचा कायदाही राज्याचाच. त्यात एक कलम वाढवा: अटक किंवा नोटीस झाली की उपअधीक्षक त्याच दिवशी बहात्तर तासांचा मनाई आदेश बजावेल, तेवढ्यात मॅजिस्ट्रेट तो कायम करतील किंवा उठवतील, साठ दिवसांपर्यंत. मोडला तर वॉरंटशिवाय अटक. एक प्रत तिच्या हातात, एक तिच्या गावच्या पोलिस पाटलाकडे, एक पुलापलीकडच्या ठाण्यात. आणि उच्च न्यायालयानं एक परिपत्रक काढून रिमांडच्या नमुन्यात एक ओळ घालावी. आरोपीला विचारतात तसं फिर्यादीला विचारल्याची आणि तिनं काय सांगितलं त्याची.

शिरूरचे आमदार ज्ञानेश्वर कटके आणि दौंडचे आमदार राहुल कुल यांना माझं जाहीर सांगणं आहे. सरकारची वाट पाहू नका, अशासकीय विधेयक मांडायचा हक्क प्रत्येक आमदाराला आहे. येत्या अधिवेशनात ते मांडा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी हे दोघे तुमच्या गावच्या सप्त्याला किंवा सभामंडपाच्या भूमिपूजनाला आले, की हार घालण्याआधी विधेयकाचं काय झालं, ते विचारा.